कोण लागतं

१

"घरातच गळ टाकून बसतो म्हणे तो. आणि आता तर त्याला काहीतरी लाग—"

एवढंच माझ्या कानावर पडलं आणि नेमका माझा गुडघा वाजला. माझे गुडघे असे दगाबाज आहेत. जिना चढताना कटकट करतात आणि मी वळणावर पोचायच्या आत माझी वर्दी देतात. वरच्या वळणावर टेलरीणबाई आणि इस्त्रीवाली उभ्या होत्या. दोघींचे चेहरे लगेच साळसूद झाले.

"काय वहिनी, आज भाजी लवकर?" टेलरीणबाई म्हणाल्या.

"भाजी राहू दे. कोणाला काय लागलं?"

"कुठे काय? हिच्या बोटाला इस्त्री लागली."

इस्त्रीवालीनं पटकन दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी काय आज ओळखते का यांना? पण जिन्यात उभं राहून भांडायला गुडघे हवेत. पिशवी सावरत मी वर आले.

'लागणं' हा शब्दच मोठा अवघड. माणसाला ठेच लागते, भूक लागते, वेड लागतं. दार लागतं, नोकरी लागते आणि नातंसुद्धा लागतं. असा शब्द कोणी अर्ध्यावर तोडला तर ऐकणाऱ्यानं काय समजायचं? दुपारभर मला चैन पडलं नाही.

'तो' कोण हे मात्र विचारायची गरज नव्हती. आमच्या इमारतीत गळाशी संबंध असलेला माणूस एकच, आमच्या शेजारचा काठीवाला. मासे धरायच्या काठ्या बनवतो. दुकानात टांगलेल्या तयार काठ्या नव्हेत, ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाच्या. लांबलांबून लोक येतात, हात दाखवतात, मापं देऊन जातात. माणूस एकटा, साठीच्या आसपासचा, कमी बोलणारा. त्याची आतली खोली आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. आमच्या बाजूनं तिला फरशा आहेत आणि त्यावर माझ्या डब्यांची फळी.

त्या भिंतीतून बरेच दिवस मला एक आवाज येत होता. टिण. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिण. मांजराच्या गळ्यातल्या घंटीसारखा. काठीवाल्याकडे मांजर नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

२

मी त्याच्याकडे गेले ती काही फक्त चौकशीसाठी नाही. आमच्या ह्यांना झटका येऊन गेल्यापासून उजवा हात कामातून गेला होता. उभा जन्म बसचं स्टिअरिंग धरलेला हात. आता मांडीवर ठेवला तिथेच पडून राहायचा, दुसऱ्या कोणाचा तरी इथे विसरला असावा तसा. हे बोलेनासे झाले होते. पूर्वी सुट्टीला मित्रांबरोबर तळ्यावर गळ टाकून बसायचे, तेवढीच एक हौस. म्हटलं, हलकीशी काठी हातात आली तर हात नाही तर निदान तोंड तरी हलेल.

काठीवाल्याची बाहेरची खोली म्हणजे सगळा कारखानाच. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर रंगीत दोऱ्यांची रिळं, कॉर्कच्या चकत्या, बारक्या बारक्या कड्या. एका कोपऱ्यात छोट्या मोटरवर एक काठी आडवी, सळईवर भाजायला लावल्यासारखी हळूहळू फिरत होती. कड्या दोऱ्यानं बांधून झाल्या की वर राळ लावतात, आणि ती सुकेपर्यंत काठी फिरती ठेवावी लागते, नाही तर राळ ओघळून खाली थेंब लोंबतात. हे मी विचारून घेतलं. मी सगळं विचारून घेते.

"डॉक्टरांनी हाताला चाळा हवा म्हणून सांगितलंय भाऊजी," मी म्हणाले. "रबरी चेंडू दिला होता दाबायला. तो ह्यांनी खिडकीतून फेकून दिला."

"डाव्या हातानं," हे म्हणाले.

किती दिवसांनी ऐकला मी ह्यांचा विनोद! माझे डोळेच भरून आले. मी उगाच कॉर्कच्या चकत्या न्याहाळू लागले.

काठीवाल्यानं दोन कोऱ्या काठ्या काढल्या. "ही फायबर ग्लासची. जराशी जड, पण समजूतदार. आपली चूक पोटात घालते. आणि ही कार्बनची. हलकी, पण फार बोलकी. तळाशी नुसतं पान हललं तरी मुठीपर्यंत येऊन सांगते." त्यानं ह्यांचा निर्जीव हात स्वतःच्या तळव्यावर घेतला आणि वजन करावं तसा उचलून पाहिला. "या हाताला सध्या ऐकू कमी येतं ना, ड्रायव्हरसाहेब? मग बोलकीच हवी."

"बोलकी एक आहे घरात," हे म्हणाले.

"तिचं कोण ऐकतं?" मी म्हणाले. तिघंही हसलो.

मग त्यानं काठीचा कणा शोधला. प्रत्येक काठीला म्हणे कणा असतो. जाड टोक जमिनीला टेकवायचं, मधे एका हातानं वाकवायचं आणि दुसऱ्या तळव्याखाली फिरवायचं. फिरता फिरता काठी आपण होऊन उडी मारते आणि एका बाजूला बसते. ती बाजू धरून कड्या बांधल्या नाहीत तर काठी हातात वळत राहते. त्यानं फिरवली. काठी टुणकन उडाली आणि तिचं टोक आतल्या खोलीच्या दाराकडे वळून थांबलं. "हं," तो म्हणाला. काठी उलटी धरून, स्वतः खिडकीच्या बाजूला उभा राहून त्यानं पुन्हा फिरवली. टोक पुन्हा दाराकडे. त्यानं खडूनं खूण केली, पण खूण करताना तो काठीकडे बघत नव्हता.

मुठीचं माप घेण्यासाठी त्यानं ह्यांच्या हातात मऊ मातीचा गोळा दिला आणि बोटं एकेक करून त्यावर मिटवली. "मूठ जाड करू. पकडायला कष्ट नकोत. टोकाला घंटी लावू, म्हणजे लागलं की कळेल."

"आणि गळ कुठला लावणार?" मी विचारलं.

"गळ मी ठेवत नाही, वहिनी. घरात एकही सापडणार नाही." तो मातीवरच्या ठशांकडे बघत होता. "मासा काही गळाला येत नाही. त्याला जे हवं असतं त्याला येतो. ते मऊ धरायचं, मधूनमधून हलवायचं, जिवंत वाटलं पाहिजे." त्यानं दोन बोटांनी हवेतली अदृश्य तार जराशी झटकली. थांबला. पुन्हा झटकली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. टिण.

मी मान लांब केली. दार लोटलेलं होतं. मग मला एकदम टेलरीणबाईंचं बोलणं आठवलं आणि डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे नातं! कोणीतरी येऊन राहिलंय, आणि हा गृहस्थ लाजतोय.

"आत पाहुणे आहेत वाटतं भाऊजी? सांगा की. कोण लागतं तुमचं?"

त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. अगदी विचारात पडल्यासारखं.

"ते आधी कसं सांगू, वहिनी? कोण लागतं ते वर आल्याशिवाय कळत नाही."

म्हणजे पाहुणे अजून यायचेत. दुसऱ्या मजल्यावर सामान घेऊन चढायचं म्हणजे दमणार बिचारे. मी संध्याकाळी मुद्दाम जास्तीचा चहा टाकला आणि जिन्याकडे कान लावून बसले. वर कोणी आलं नाही. चहा शेवटी आम्ही दोघांनीच प्यायला.

३

काठी तयार व्हायला वेळ लागणार होता. तोवर काठीवाल्यानं स्वतःची जुनी, टोकाला घंटी लावलेली काठी ह्यांना सरावाला दिली. दुपारचं जेवण झालं की हे शेजारी जायचे. मी आमच्या दारातून बघायचे. हे बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेले, मुठीत काठी. काठीच्या टोकापासून तंगूस, म्हणजे गळाला लावतात तो पारदर्शक नायलॉनचा दोरा, ताणलेली, लोटलेल्या दाराच्या फटीतून आतल्या खोलीत गेलेली.

"आत भिंतीवर खिळा आहे," काठीवाल्यानं मला समजावलं होतं. "नव्या काठीची चाचणी तशीच घेतो. खिळ्याला तंगूस बांधून ओढली की काठीची कमान दिसते, कुठली कडी कुठे हवी ते कळतं. ड्रायव्हरसाहेबांच्या हातालाही तेवढाच व्यायाम."

हे ऐकून मी मनातल्या मनात टेलरीणबाईंना चार शब्द सुनावले. घरात गळ टाकतो म्हणे! चाचणी घेतो बिचारा. लोकांना काय, मीठमसाला लावून मिळालं की झालं.

आणि हात सुधारू लागला. मी खोटं सांगत नाही. आधी बोटांची टोकं हलली. मग एके दिवशी सकाळी मी चहा पुढे केला तर ह्यांनी कप उजव्या हातानं घेतला, सवयीनं घ्यावा तसा, आणि आपण घेतलाय हे त्यांना माझ्या तोंडाकडे बघून कळलं. कप थरथरत होता तरी खाली ठेवेनात. पुढे शर्टाची बटणं. पुढे, मला घट्ट बसलेलं डब्याचं झाकण उघडेना तर ते त्यांनी माझ्या हातातून घेतलं, फिरवलं आणि डबा माझ्यापुढे ठेवला.

"बघतेस काय? मीठच मागत होतीस ना?"

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. मी शेजारी ताजी भाजी करून पाठवली.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. हे घरी आले तरी मधेच बोलता बोलता थांबायचे आणि स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघायचे. आपल्याला कोणी नावानं हाक मारली तर माणूस बघतो तसं. मग भिंतीपलीकडे टिण व्हायचं. आधी बघणं, मग टिण. मी म्हणायचे, अहो, तुमचे कान चांगले, तुम्हाला आधी ऐकू येतं. पण एकच आवाज दोघांच्या कानात आगेमागे कसा पडेल?

४

एका दुपारी वीज गेली. मी डबा परत आणायला शेजारी गेले होते. पंखा थांबला, मोटर थांबली. मोटरवर नेमकी ह्यांचीच नवी काठी होती, ताजी राळ लावलेली. काठीवाला लगबगीनं उठला आणि दोन्ही हातांनी काठी फिरवू लागला, हळूहळू, एका लयीत. "वीज येईपर्यंत आता सुटका नाही," तो हसून म्हणाला.

हे खिडकीपाशी चहा पीत होते, उजव्या हातानं. जुनी काठी ठोकळ्यावर टेकवून ठेवली होती, तंगूस दाराच्या फटीतून आत गेलेली.

टिण.

मी आधी पंख्याकडे पाहिलं. आतापर्यंत त्या घंटीचा सगळा दोष मी पंख्याच्या वाऱ्याला दिला होता. पंखा बंद होता. मग म्हटलं, खाली रस्त्यावरून ट्रक गेला असेल. बाहेर सामसूम. मग म्हटलं, उंदीर. काठीचं टोक खाली वाकलं, हळूच, कोणी मान हलवून हो म्हणावं तसं, आणि वर आलं. टिण, टिण. काठीवाल्याचे दोन्ही हात राळेच्या काठीवर होते. ह्यांच्या हातात कप होता. दोघांपैकी कोणीही मागे वळून पाहिलं नाही. त्यांचं ते न बघणं मला घंटीपेक्षा जास्त लागलं.

"भाऊजी," मी म्हणाले, "तुमचा खिळा सैल झालाय."

तो काठी फिरवत राहिला. "सैल नाही, वहिनी."

"मग निघाला असेल."

"निघाला असता तर खाली पडला असता." त्यानं आवाज उतरवला. "खिळा आत गेला."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत. मी इकडे ओढत होतो आणि तो तिकडे गेला. तंगूस बांधलेली होती, ती घेऊन गेला."

मी हसले. हसण्यासारखं नव्हतं, पण तोंडाला काहीतरी काम हवं होतं. "अहो, आत कुठे जाईल? पलीकडे माझी डब्यांची फळी आहे!"

"हो ना," तो म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला विचारणार होतो. तुमच्याकडे काही आलंय का?"

वीज आली. पंखा फिरू लागला, मोटर घुरघुरली. हे चहाचा रिकामा कप माझ्यापुढे धरून म्हणाले, "अगं, हा घे. मी बसतो जरा सरावाला."

५

दुसऱ्या दिवशी मी फळी रिकामी केली. पीठ, साखर, मीठ, सगळे डबे ओट्यावर. फरशा ओल्या फडक्यानं पुसल्या आणि बोट फिरवून पाहिल्या. एकही तडा नाही, छिद्र नाही, साधा ओरखडा नाही. विटेएवढी जाड भिंत. त्याच्या बाजूनं खिळा आत जातो आणि माझ्या बाजूला येत नाही, म्हणजे तो विटेतच थांबला. हे पटण्यासारखं होतं. मी स्वतःला पटवलंसुद्धा.

फक्त त्या दोऱ्याचं पटेना. हे रोज ओढतात, काठीवरचं रीळ फिरवतात, पुन्हा सैल सोडतात. विटेत अडकलेला खिळा ओढ देईल. पण मान कशी हलवेल?

कुतूहलानं मी फरशीला कान लावला. गार लागली. आतून बारीक आवाज येत होता. टक्... टक्... टक्...

हा आवाज मला ओळखीचा होता. काठीवाल्यानंच मला रीळ फिरवून दाखवलं होतं. तंगूस बाहेर धावते तेव्हा टिकटिकटिक असा पातळ, घाईचा आवाज येतो. गुंडाळून घेताना मात्र जाड आणि सावकाश, रिळाची मूठ फिरेल तसा. भिंतीतला आवाज जाड होता. कोणीतरी गुंडाळून घेत होतं.

म्हणजे शेजारी कोणीतरी रीळ फिरवतंय, एवढंच. मी कान काढला आणि सहज खिडकीतून खाली पाहिलं. फाटकापाशी काठीवाला उभा होता, हातात नव्या कॉर्कचं पुडकं. त्याच्याबरोबर आमचे हे. दोघं इस्त्रीवालीच्या टेबलापाशी थांबून गप्पा मारत होते. मी दार उघडून पाहिलं. शेजारच्या घराला बाहेरून कुलूप होतं.

मी डबे परत लावले. मिठाचा डबा साखरेच्या जागी गेला. संध्याकाळी ह्यांना सांगायचं ठरवलं, की बास झालं, उद्यापासून शेजारी जायचं नाही. पण संध्याकाळी हे माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि माझ्या मानेवरची सुटलेली बट त्यांनी उजव्या हाताच्या दोन बोटांनी उचलून कानामागे सारली. लग्न नवीन असताना करायचे तसं.

बोलले असते तर काय म्हणाले असते? की तुमचा हात मला नको?

६

नवी काठी सुकली त्या दुपारी हे जेवले अर्धवट आणि उठून शेजारी गेले. मी भांडी घासत होते. भिंतीपलीकडे टिण झालं, मग टिणटिण, मग घंटी सारखी वाजू लागली. आणि मग थांबली. थांबल्यावर ऐकू आला तो खुर्चीचे पाय फरशीवरून सरकल्याचा आवाज.

मी ओल्या हातांनी शेजारी धावले. गुडघ्यांनी त्या दिवशी आवाज केला का, मला आठवत नाही.

बाहेरच्या खोलीत फक्त काठीवाला होता. मोटरजवळ उभा, दोन्ही हात खाली सोडलेले. आतल्या खोलीचं दार पहिल्यांदाच सताड उघडं होतं. आणि बाहेरच्या खोलीपासून आतपर्यंत फरशीवर चार ओरखडे गेले होते, खुर्चीच्या चार पायांचे.

हे आत भिंतीसमोर बसले होते. खुर्ची भिंतीला जवळजवळ टेकलेली. काठीची पूर्ण कमान झालेली, तिचं टोक भिंतीला लागलेलं. आणि भिंतीत एक भोक, पेन्सिल जाईल एवढं. तंगूस त्या भोकातून आत गेली होती, इतकी ताठ की तिच्यावरून खिडकीचा उजेड सरकत होता. भोकाच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. आत अंधार होता. विटेच्या आतला अंधार केवढासा असणार? पण तो मागे, खूप मागेपर्यंत होता.

"अगं, हळू," हे कुजबुजले. चेहरा आनंदानं उजळलेला. "हळू ये. लागलंय."

ह्यांचा उजवा हात मुठीवर होता. बोटांची पेरं पांढरी पडलेली, मनगटाच्या शिरा तटतटलेल्या. तरुणपणी घाटातून बस उतरवताना असायचा तसा हात. तो मी ओढून पाहिला. हलला नाही. एक बोटसुद्धा उचलता आलं नाही मला. खुर्ची पुन्हा सरकली आणि ह्यांचे गुडघे भिंतीला टेकले.

"सोडा! अहो, सोडा म्हणते ना!"

"कशाला सोडू? बघ किती घट्ट धरलंय मी. बघ ना."

"भाऊजी!" मी ओरडले.

काठीवाला दारात आला होता. डोळ्यांत पाणी. "मलाही असंच वाटलं होतं, वहिनी," तो म्हणाला. "आधी आधी वाटतं, आपल्याला काहीतरी लागलंय. आपण ओढतोय." त्यानं टेबलावरची दोरा कापायची पाती आणून माझ्या ओल्या हातात ठेवली. "माझ्यानं नाही होणार. त्यांचा हात चालताना बघितलाय मी. तुम्ही ठरवा."

पाती हातात धरून मी उभी राहिले. पुढ्यात तो हात होता. कप धरणारा, झाकण उघडणारा, माझी बट मागे सारणारा. तंगूस एवढी बारीक की नीट दिसतही नव्हती, आणि मला ठाऊक होतं की ती कापली की काय काय कापलं जाणार आहे. हे माझ्याकडे बघत होते. मग मला दिसलं की ह्यांच्या ओठांवर जे हसू होतं ते हलत नव्हतं. आणि काठीच्या टोकाबरोबर आता मान हलत होती. हळूच खाली. हळूच वर.

मी कापली.

आवाज काहीच झाला नाही. काठी सरळ झाली, मुठीतून सुटली आणि फरशीवर पडली. मागोमाग ह्यांचा हात मांडीवर पडला. मांडीवरून घसरला आणि खुर्चीशेजारी लोंबत राहिला.

ताणलेली तंगूस तुटली की झटक्यानं मागे जाते. ही गेली नाही. कापलेलं टोक भोकाबाहेर लोंबत राहिलं, वीतभर. मग भिंतीतून आवाज आला, टक्... टक्... आणि टोक थोडं थोडं करून आत जाऊ लागलं, बेतानं, मूठ फिरेल तसं. बोटभर उरलं तेव्हा ते थांबलं.

आणि मग ते हललं. जरासं झटकल्यासारखं. थांबलं. पुन्हा हललं, जिवंत वाटावं तसं.

मी ह्यांच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि माझेही डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा भोकात काही नव्हतं.

७

काठीवाल्यानं ते भोक राळेनं भरलं आणि वर रंग दिला. तो अजून शेजारीच आहे, काठ्या बनवतो, पण आतली खोली बंद ठेवतो. ह्यांची काठी त्यानं आणून दिली, ती माळ्यावर टाकलीय. कॉर्कची मूठ फार सुरेख झाली आहे. तिच्यावर ह्यांची पाचही बोटं जशीच्या तशी बसतात. बसवली तर.

हात पूर्वीसारखाच आहे. डॉक्टर म्हणाले, असंही होतं कधी कधी. त्या दिवशी घरी आल्यावर हे एकच वाक्य बोलले, "तू माझा हात कापलास," आणि नंतर बरेच दिवस काही नाही. मी जेवण भरवते तेव्हा खातात. राग आहे, तो असू दे. रागवायला माणूस समोर आहे, मला तेवढं पुरे.

परवा जिन्यात टेलरीणबाईंनी मला गाठलं. "वहिनी, तुमच्यापासून काय लपवायचं? सगळी इमारत म्हणते, तो काठीवाला घरातच गळ टाकून बसतो आणि त्याला काहीतरी लागलंय. तुमचं जाणं-येणं असतं. खरं काय ते सांगा."

"अर्धं खरं आहे," मी म्हणाले.

"कुठलं अर्धं?"

"घरात गळ पडलाय, हे खरं. पण तो टाकणारा काठीवाला नव्हे."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या. "वहिनी, तुम्ही पण ना! आणि काय हो, आज जिन्यात तुमचे गुडघे वाजले नाहीत ते?"

मीही हसले आणि घरात आले. त्यांना काय सांगणार? हल्ली मी स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीपाशी काही काढायला उभी राहिले की माझे गुडघे दुखायचे थांबतात. आधी क्षणभर थांबायचे. आता बराच वेळ. सकाळी मी तिथे मीठ घ्यायला गेले होते, आणि ह्यांनी बाहेरून हाक मारली तेव्हा चहा उतू जाऊन गॅस विझला होता.

किती दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. मला वळायला हवं होतं. मी आधी फरशीकडे पाहिलं.